नीलमणीची छाटणी

कचरूबाच्या हातात कात्री दिसली की झाडंसुद्धा अंग चोरतात, असं गावात गमतीनं म्हणायचे. जालन्याच्या आसपासच्या द्राक्षबागांत त्याचा सगळा जन्म छाटणीत गेलेला. त्यानं छाटलेली बाग लगडायचीच, आणि त्याचा तोराही तसाच होता.

त्याची बायको सोनूबाई एमआयडीसीतल्या एका कंपनीत बियाणं निवडायला जायची. तिथल्या फाटकावर निळ्या फुलांनी लहडलेली वेल पाहून ती खुळावली. माळ्याच्या मागे लागून तिनं एक रोप पदराआड घरी आणलं आणि दारात लावलं. माळ्यानं नाव सांगितलं होतं, नीलमणी.

वेल भराभर पत्र्यावर चढली. पानं इतकी खरखरीत, की सोनूबाई हसून म्हणायची, "तुमच्या बोलण्यासारखीच हायेत." पौषात पानं गळून वेल उघडी पडली की कचरूबा कात्री काढायचा. द्राक्षाच्या सवयीनं एकेक काडी आखूड करून टाकायचा. उन्हाळ्यात वेल पुन्हा हिरवीगार. फूल मात्र एक नाही.

"अवं, औंदा ऱ्हाऊ द्या ना तशीच," एका वर्षी सोनूबाई भीतभीत म्हणाली. "कंपनीत थंडीची कुणी कात्री लावत न्हाई."

"जनम गेला माझा छाटणीत. आता तू शिकवती का मला?"

पुन्हा तिनं विषय काढला नाही. दर फाल्गुनात तेवढी दारात उभी राहून शेंडे निरखायची.

गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि सोनूबाई गेली. पौषात पानं गळाली तेव्हा कचरूबानं कात्री काढली खरी, पण तिची वेल कापायला मन धजेना. कात्री परत खुंटीला गेली.

फाल्गुनात त्याच जुन्या काड्यांवर निळे घोस लोंबले. पत्रा दिसेना. शेजारचा भुजंग रस्त्यावरूनच ओरडला, "कचरूबा, तुमच्या हाताला तोड न्हाई बघा!" कचरूबाला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

दुपारी मंठ्याला दिलेली लेक शालू आली आणि दारातच थबकली.

"दादा, किती फुललीय! काय केलं औंदा?"

"काहीच केलं न्हाई." तो ओट्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले. "फुलं त्या जुन्या काडीतच व्हती, शालू. दरसाली मीच कापून फेकून राह्यल्तो. आन् तुझी माय तिथं उभी ऱ्हाऊन वाट बघायची."