न प्यालेली दारू

"दुष्काळात बेंबळीचे सेक्रेटरी चोरून प्यायचे. विहारात झिंगून पडले, तेव्हा अब्रू झाकण्यासाठी त्यांनी भानामतीचे नाव पुढे केले."

याच सदरात कोणा सद्गृहस्थांनी हे छापून आणले आहे. ते सेक्रेटरी मीच. भानामती हा शब्द माझ्या तोंडून कधीही निघालेला नाही. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पडलो मात्र... ते खरे आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी बेंबळी गावच्या दूध सोसायटीचा सचिव होतो. पौर्णिमेला विहारात पंचशील सांगण्याचा मान माझा – मी एकेक शील म्हणायचे, मागून सर्वांनी. त्या पौर्णिमेला पाचव्या शिलापाशी, मद्यापासून दूर राहण्याच्या प्रतिज्ञेपाशीच, माझी जीभ अडखळली आणि मी मूर्तीसमोर कोलमडलो. उचलायला आलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले. माझ्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी थेंबही घेतलेला नव्हता!

पुढे हे वारंवार होऊ लागले. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, भाकरी खाल्ली की काही वेळाने पाय लटपटत, वास सुटे. सोसायटीत दूध घालणारे हसत, "सायेब, गावात प्यायला पानी न्हाय, तुमचं बरं भागतंय!"

माझा मेहुणा दगडू बहिणीला माहेरी न्यायला आला.

"दाजी, कुठं लपवता, सांगा."

"मी पीत नाही."

"मंग वास काय आभाळातनं पडतो व्हय? तुमच्या तोंडून पाचवं शील ऐकून म्या बाटली सोडली, दाजी. आन् तुमीच?"

त्याला घेऊन मी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "उद्या दिवसभर माझ्या दवाखान्यात बंद खोलीत राहा, रोजचीच भाकरी खा. पहाऱ्याला तुमच्यावर सर्वांत कमी विश्वास असलेला माणूस द्या." मी दगडूकडे बोट दाखवले.

सकाळी त्याने मला लंगोटीवर उभे केले, धोतर झाडले, टोपीची घडी उलगडली, तोंडाचा वास घेतला. वयाने धाकट्या माणसासमोर तसे उभे राहिल्याची लाज अजून अंगातून गेलेली नाही. मग त्याने आतून कडी घातली. दिवस मावळताना डॉक्टरांनी दार उघडायला लावले, तेव्हा मी भिंतीला टेकून बरळत होतो आणि खोलीत दारूचा वास भरला होता. दगडू शुद्धीत होता. तो रडत होता.

पोटातच अन्न आंबत असावे, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते केवळ वाचले होते. भाकरी बंद करून डाळ आणि अंड्यांवर ठेवले, तेव्हा हळूहळू थांबले. पण तीच भाकरी सारे गाव खात होते... मग मलाच का? याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आजवर कोणाकडूनही मिळालेले नाही. विहारात लोकांनी आग्रह केला, तरी पंचशील सांगायला मी पुन्हा उभा राहिलो नाही.

दगडू आता हयात नाही. "खोलीतही लपवून नेली असेल" असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे – त्या दिवशी दगडूने मला ताटाला वा तांब्याला हात लावू दिला नाही. माझ्या तोंडात मिलोच्या भाकरीचा जो घास, पाण्याचा जो घोट गेला, तो त्याच्याच हाताने गेला.