बंद करायला शिकवणारे चीफ

सर्व्हर चालू करण्याआधी चीफ लॅपटॉपवर हात ठेवून बघत, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला हा मालवणचा माणूस चाळिशीनंतर प्रोग्रॅमिंगची जावा भाषा शिकला, सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसात आला आणि बघता बघता, पद नसतानाही, सगळ्यांचा चीफ झाला. मी पुण्याहून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आलेलो. मला मात्र कोणी साधं 'सर'ही म्हणत नसे. आधीच सांगून टाकतो, मी त्यांच्यावर जळायचो.

आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रत्येकाला आपल्या लॅपटॉपवर सर्व्हर उभा करावा लागे. आधी जावा टाकायची, मग सर्व्हर उतरवून घ्यायचा, जावा कुठे ठेवलीय ते त्याला सांगायचं आणि ब्राउझरमध्ये पहिलं पान उमटलं की सुटलो. या सगळ्याची अकरा पानी सचित्र माहिती मी मेहनतीने लिहून सर्वांना मेल केली होती. ती कोणी उघडली असेल तर शपथ! सगळे चीफकडे जात. ते शेजारी खुर्ची ओढून बसत, जिच्यात जहाजावरच्या सवयीने रोजच्या नोंदीही ठेवत त्या निळ्या वहीतून एकेक पायरी वाचत आणि शेवटी म्हणत, "सुरू करणं कुणालाही जमतं रे. बंद करायला शीक." जुना सर्व्हर चालू राहिला तर नव्याला जागाच मिळत नाही आणि आपण मात्र जुनंच पान बघत बसतो, हे त्यांनी निदान शंभरदा सांगितलं असेल.

एका रविवारी बायकोने त्यांना जेवायला बोलावलं. सेम्बावांगच्या बाजारातून ते सुरमई घेऊनच आले आणि स्वतः तळायला उभे राहिले. मी तासभर मुलाला अपूर्णांक शिकवत होतो. चीफनी ताटात तुकड्या मांडून पाच मिनिटांत समजावले. "अंकल एक्सप्लेन बेटर, लाह," चिरंजीव मला म्हणाले. बायको हसली. सुरमई उत्तम झाली होती, पण मी तसं बोललो नाही.

त्या वर्षी टीम लीडची एकच जागा निघाली. ती चीफना किंवा मला मिळणार होती. माझा वर्क पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, संपत आला होता, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला. क्लायंटला नवं काम दाखवायचा मान चीफना मिळाला. ज्या लॅपटॉपवर ते दाखवायचं, त्यावर सकाळीच मी जुनी आवृत्ती चालवून पाहिली होती आणि तशीच सोडली होती.

"कॅन स्टार्ट ऑर नॉट? क्लायंट वेटिंग!" मॅनेजर घाई करत होता. चीफनी सवयीने लॅपटॉपवर हात ठेवला. तो गरम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मिलिंदा, सकाळचा बंद केलास ना?"

मी म्हणालो, "हो, चीफ."

पडद्यावर जुनं पान उमटलं, जुन्या सगळ्या चुकांसकट. चीफनी माफी मागितली, सर्व्हर शोधून बंद केला, नवा लावला. तोवर क्लायंट उठला होता. लीड मी झालो. काही महिन्यांनी चीफचा पास पुढे वाढला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी निळी वही माझ्या टेबलावर ठेवली. "आता सगळे तुझ्याकडे येतील. नीट शिकव." ते गेल्यावर मी क्लायंट आला होता त्या दिवसाचं पान काढलं. सर्व्हर त्यांनीच बंद केला होता. तो सकाळपासून चालू होता हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. पानावर एवढंच होतं: 'विचारलं, पण स्वतः पाहिलं नाही. चूक माझी.'

मी पुढचीमागची पानं चाळली. माझं नाव कुठेच नव्हतं. एखादी मालवणी शिवी लिहिली असती तर निदान फिट्टंफाट झाली असती. चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढेच!

आता मी त्या वहीतूनच शिकवतो. माझी अकरा पानं मीही उघडत नाही. काल नवी आलेली मुलगी म्हणाली, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"चीफनी."

"किती छान शिकवत असतील ना ते!"

खोटं कशाला सांगू, मी पुन्हा जळलो.