कुरडयांच्या रांगेतली बाटली

माझ्या बहिणीचं सव्वीस वर्षांचं संशोधन मी एका दुपारी टिनाच्या छपरावर उकडलं. रागानं नाही, कृतज्ञतेपोटी.

बहीण म्हणजे शोभाताई. आम्ही अमडापूरचे, म्हणजे समुद्रापासून इतके लांब की लहानपणी आम्ही पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी गावाबाहेरच्या तलावातलं, तेही होळीपर्यंतच टिकायचं. अशा गावातल्या या बाईनं समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर डॉक्टरेट मिळवली. झाडाचं पान जे करतं तेच हे जीव पाण्यात करतात. उन्हावर आपलं जेवण बनवतात आणि वर प्राणवायू सोडतात. ताई म्हणते, आपला जवळजवळ दर दुसरा श्वास समुद्रातल्या या हिरव्या मंडळींचा आहे. (हे ऐकल्यापासून मी एकाआड एक श्वास भीत भीत घेतो.)

आता मी. सुभाष. आठवीत दोनदा नापास झालो, मग शाळेनं मला आणि मी शाळेला मोकळं केलं. गावात मला लोक 'ए' म्हणायचे. ताईनं मला उचलून समुद्रकाठच्या तिच्या संशोधन संस्थेत नेलं आणि बाटल्या धुवायच्या कामाला लावलं. त्याला अकरा वर्षं झाली. तिथं मला 'सुभाषभाऊ' म्हणतात. त्यामुळं ताईचे उपकार आठवले की माझे हात थरथरतात, आणि हात थरथरले की बाटली फुटते.

पण एका कपाटातल्या बाटल्यांना मी कधी धक्का लागू दिला नाही. विद्यार्थिनी असताना ताई पहिल्यांदा जहाजावर गेली आणि उलट्या करत करत तिनं समुद्रातून एक बादली पाणी वर ओढलं. त्या पाण्यातून तिनं एक वाण वेगळा केला. तो पुन्हा कुणाला सापडला नाही. तिची सगळी कारकीर्द त्या हिरवट पाण्यावर उभी आहे. दर तीन आठवड्यांनी त्यातलं थोडं नव्या खाऱ्या पाण्यात टाकायचं, म्हणजे वाण जिवंत राहतो. परदेशात एक जोड, म्हणजे जपायला जादाची बाटली, पाठवली होती, ती वाटेतच मेली. उरलेल्या सगळ्या बाटल्या आमच्या थंड कपाटात असायच्या.

एप्रिलमध्ये गावच्या हेडमास्तरांचं बोलावणं आलं, मुलांना चार गोष्टी सांगा म्हणून. ताईनं दाखवायला एक बाटली घेतली, सोबत कोऱ्या खाऱ्या पाण्याची दुसरी. मी दोन्ही बाटल्या पोटाशी धरून मलकापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं आलो. एसटीत एक बाई म्हणाली, "भाऊ, पोट दुखते काय?" मी म्हणालो, "अजून नाही."

घरी मायनं बाटली उजेडात धरली.

"हे काय आणलं बाई? मेथी उकळली काय?"

"माय, हे विरजण समज," ताई म्हणाली. "थोडं काढून या खाऱ्या पाण्यात टाकलं की पुन्हा तयार होते."

"दह्यावानी?"

"हाव."

"मंग असं सांग ना. इतकी वर्षं उगीच इंग्रजीत सांगून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मैत्रिणीला भेटायला मेहकरला निघाली. जाता जाता म्हणाली, "सुभाष, बाटली जप. उजेडात ठेव."

झालं एवढंच. आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. अकरा वर्षं मी त्या जिवांना कपाटातल्या ट्यूबलाइटखाली पाहत होतो. उन्हावर जगणारी जात, आणि बिचाऱ्यांच्या नशिबी ट्यूबलाइट! मला नेहमी त्यांची कीव यायची. म्हटलं, चार दिवस गावी आलेत, खाऊ दे पोटभर ऊन. ताई परत येईल तेव्हा बाटली हिरवीगार झालेली असेल आणि ती म्हणेल, सुभाष, तुझ्या हाताला गुण आहे. (मला कुणी असं कधी म्हटलेलं नाही. पण ऐकायची तयारी होती.)

वर टिनावर मायच्या कुरडया वाळत होत्या. मी शिडीनं चढलो आणि कुरडयांच्या दोन रांगांमध्ये बाटली नीट उभी केली. सावली पडू नये म्हणून धुण्याची दोरीही बाजूला केली.

तीन वाजता वर गेलो. बाटली हातात धरवेना. उपरण्यानं धरून खाली आणली, चहाचं पातेलं उतरवतात तशी. आत हिरवं काही नव्हतं. पांढुरकं, तांदूळ धुतल्यासारखं पाणी.



माय म्हणाली, "काऊन बे, तोंड असं काऊन उतरलं?"

"ऊन लागलं," मी म्हणालो. हे खरं होतं. कुणाला लागलं ते मी सांगितलं नाही.

खरं सांगायची हिंमत माझ्यात असती तर मी आठवी तरी पास झालो असतो. ताई मला घरी ठेवून एकटीच परत जाईल, तिकडं बाटल्या दुसरा कुणी धुवेल आणि इथं मी पुन्हा 'ए' होईन, एवढंच डोळ्यांपुढं दिसत होतं. गोठ्यापाशी हौद होता. त्यातलं पाणी छान हिरवं होतं. मी बाटली धुतली (त्यात मी तरबेज), हौदाचं पाणी भरलं आणि समुद्र वाटावा म्हणून चिमूटभर मीठ टाकलं. संध्याकाळी ताईनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "अरे वा, छान दिसतेय." मी बाटली अजून थोडी लांब सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. वर्गाच्या भिंतीवर पांढरा कपडा लावलेला, हेडमास्तर पुढच्या बाकावर. ताईनं सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला मोबाइल आणि मोबाइलला शाळेचा प्रोजेक्टर जोडला, म्हणजे थेंबातलं सगळं भिंतीवर मोठं दिसेल. म्हणाली, "मुलांनो, आता पाहा, इतका लहान जीव की सुईच्या टोकावर शेकडो मावतील."

भिंतीवर बैलगाडीएवढं काहीतरी आलं आणि त्यानं कोलांटी मारली.

 एक मुलगी उठली. "मॅडम, याले तर केसं आहेत."

दुसरी म्हणाली, "आमच्या टाक्यात बी असते हे. डासाची अळी आहे."

हेडमास्तर वळून म्हणाले, "गप बसा. समुद्रातली आहे ती."

ताईनं भिंतीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी दाराकडं पाहत होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. संस्थेतून होता. थंड कपाट बिघडलं होतं. दोन दिवस आत गरम हवा कोंडली आणि एकूण एक बाटली पांढरी पडली. फोनवरची मुलगी रडत होती, ते मला तिसऱ्या बाकावर ऐकू येत होतं.

"रडू नकोस," ताई शांतपणे म्हणाली. "एक माझ्याजवळ आहे."

आणि अळीनं पुन्हा कोलांटी मारली.

घरी चालताना अर्ध्या रस्त्यात ताई थांबली. मग म्हणाली, "बाटलीत काय आहे?"

"हौदाचं पाणी."

"आधीचं कुठं गेलं?"

"टिनावर होतं."

"टिनावर."

"कुरडयांमध्ये."

"किती वेळ?"

"कुरडया वाळेपर्यंत."

ताई रस्त्याकडेच्या दगडावर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसता चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिली.

"ताई, मी नाही येत परत तिकडं," मी म्हणालो. "तुला माझं तोंडही नको दिसायला."

"गप बस, सुभाष. मला मोजू दे."

"काय?"

"निवृत्तीला किती वर्षं उरली ते."

घरी माय कुरडया डब्यात भरत होती. ताईनं तिला सगळं सांगितलं. मायनं माझ्याकडं असं पाहिलं की कुरडई असतो तर मोडलो असतो.

"सारंच वाळत घातलं काय बे तुनं?"

"हाव."

"याले अक्कल नाही हे मले माहीत आहे," माय ताईला म्हणाली. "पण शोभे, तू तर शिकलेली ना? घरात विरजण आणलं अन् सारं या पोट्ट्याच्या भरोशावर सोडून गेली?"

ती उठली, रांजणामागं हात घातला आणि काचेची बरणी काढली. तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. आत पाणी, किंचित हिरवट.

"परवाच दोन चमचे काढून ठेवले होते. तुह्या त्या खाऱ्या पाण्यातच टाकले. आपल्या घरात विरजण कधी सारं संपवत नाही. मंग मागायले कोणाच्या दारी जावं?"

ताईनं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि डोळा लावला. किती वेळ डोकं वर उचलेना. मी श्वास धरून उभा होतो, दोन्ही प्रकारचे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आहेत." आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. माय म्हणाली, "उठ बाई, कुरडया फुटतीन."

तरी मी संस्थेत परत आलोच, ताईनंच आणलं. बरणीतला वाण पुन्हा शुद्ध करायला तिला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत मी एकही बाटली फोडली नाही, कारण मला हात लावू दिला नव्हता. आता एक जोड कायम अमडापूरला रांजणामागं असते. माय दर तीन आठवड्यांनी फोन करून विचारते, "माहं झालं. तुमचं झालं काय?"

ताईच्या वहीत या वाणाचं पान आहे. वाण सांभाळणारी व्यक्ती: माय, शिक्षण चौथी. मदतनीस: सुभाष, शिक्षण सातवी. त्याखाली लाल शाईत ठळक लिहिलंय: 'उन्हात सोडू नये, नजरेसमोर ठेवावे.'

ही सूचना बाटलीसाठी आहे, असं मी बरेच दिवस समजत होतो.