रिस्तोचा खार

स्तोयना रागावली की ओरडत नाही. आवाज खाली जातो, ओठ पातळ होतात आणि हातातलं काम दुप्पट वेगानं सुरू होतं. त्या हंगामात तिनं अख्खा मिरचीचा वाफा एका सकाळीत उपटून बांधावर फेकला. पानांच्या कडा करपलेल्या, मिरच्या अंगठ्याएवढ्या. विहिरीचं पाणी खारं झालं होतं. ते कुणी केलं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हीच, काकडीचं लोणचं घालणाऱ्या नऊ घरांनी.

लोणचं विकलं गेलं की पिंपातला उरलेला खार, म्हणजे मिठाचं पाणी, पाटात ओतायचा. माझा आजा ओतायचा, बाप ओतायचा, मीही ओतला. स्तोयनानंही ओतला, ते ती लपवत नाही. पण पाट तिच्या आवाराला वळसा घालून पुढे जातो, म्हणून पहिली विहीर तिची गेली. खाऱ्या पाण्यात नवा खार करता येत नाही, कारण मुळात त्यात मीठ किती आहे याचा पत्ता नसतो. पुढच्या वर्षी तिची लोणच्याची शेड बंद पडणार हे उघड होतं.

तीस वर्षं तिनं ती एकटीनं चालवली. एकटीनं का, ते सांगितलंच पाहिजे, कारण मला त्याचा अजून संताप येतो. आमच्याकडे खाराचं माप, पाण्यात मीठ किती ते, बाप मरताना मुलाला सांगतो. फक्त मुलाला. तिचा बाप रिस्तो शेवटच्या दिवसात होता तेव्हा उशाशी दोघं होती, स्तोयना आणि धाकटा ब्लागोया. बाराव्या वर्षापासून बापाबरोबर पिंपं घासली ती हिनं. ब्लागोया तेव्हा स्त्रुमित्सा शहरात दुकानांच्या काचा बघत हिंडायचा. म्हातारा म्हणाला, "स्तोयना, पाणी आण." ती गेली. परत आली तोवर सांगून झालं होतं.

बापाची शेड भावाला गेली. हिनं नवऱ्याच्या जागेत आपली उभी केली आणि जिभेच्या भरवशावर खार बसवला. नवरा लवकर गेला, तरी शेड थांबली नाही. घरच्या संताच्या सणाला दर वर्षी ब्लागोया तिची काकडी चावायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "बरी आहे गं. पण बापाची सर नाही." आम्ही हसायचो. मीही हसलो आहे, आणि आता त्याची लाज वाटते.

मग देस्पिना आली. लहान खाद्यउद्योगांना एकत्र आणून त्यांचे गट बांधणाऱ्या कचेरीतली इंजिनियर. तिचं म्हणणं साधं होतं. वापरलेला खार गाळून पुन्हा वापरण्याजोगा करणारं यंत्र आहे. एकाला ते परवडणार नाही आणि एकाच्या खारावर ते चालणारही नाही, पोट भरत नाही त्याचं. नऊ घरं एकत्र आली तर चालेल. पाटात थेंब जाणार नाही. मित्रोव्हदेनच्या सणाआधी नऊ सह्या हव्यात, नाहीतर यंत्र पलीकडच्या खोऱ्यात जाईल.

सही एकच झाली, स्तोयनाची.

ब्लागोया म्हणाला, "एका टाकीत नऊ घरांचा खार ओतायचा? मग माझ्याकडं माझं काय राहिलं? आणि ते यंत्र माप दाखवतं म्हणे. उद्या सगळं गाव रिस्तोचा खार करायला लागेल."

आम्ही माना डोलावल्या. प्रत्येकाच्या डोक्यात आपापला बाप. एका बाईची विहीर मेली होती आणि आम्ही घरचं गुपित सांभाळत बसलो होतो. इतकी निर्लज्ज माणसं.

मित्रोव्हदेनच्या दोन दिवस आधी शाळेत शेवटची बैठक झाली. देस्पिनानं तपासायला म्हणून प्रत्येकाकडून बरणीभर खार मागवला होता. स्तोयनानं एकसारख्या नऊ बरण्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या तळाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली.

"आपापला ओळखा," ती म्हणाली. आवाज इतका खाली की मागच्यांना पुढं यावं लागलं. "एकानं जरी ओळखला तरी मी यंत्राचं नाव काढणार नाही. शेडला कुलूप घालते."

"हा काय पोरखेळ," ब्लागोया म्हणाला.

"मग खेळ ना. घाबरतोस कशाला?"

एकेक जण पुढे गेला. चुकत गेला. मी चमचा बुडवला, चाटला, आणि छातीठोकपणे तिसरी बरणी उचलली. तळाला नाव त्रिफुनचं. या त्रिफुनशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो, त्यानं माझं माप चोरलं या संशयावरून. तो कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं.

शेवटी ब्लागोया. त्यानं सावकाश सगळ्या चाखल्या, सातवीशी थांबला, डोळे मिटले. "हा. हा बापाचा. झोपेतून उठवून पाजलात तरी सांगेन."

स्तोयनानं बरणी उलटी करून तळ दाखवला. चिठ्ठीवर तिचं नाव होतं.

देस्पिना म्हणाली, "मी सकाळीच मोजलेत. नऊही जवळजवळ सारखे आहेत."

ब्लागोया बहिणीकडे वळला. "म्हणजे त्यानं तुलाही सांगितलं होतं."

तिला स्वतःला जमलं असेल हे अजूनही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"मला पाणी आणायला पाठवलं होतं," स्तोयना म्हणाली. "पेला भरलेला होता, ब्लागो. उशाशीच होता."

त्या दिवशी उरलेल्या आठही सह्या झाल्या.

यंत्र तिच्याच शेडमध्ये बसवलं, त्याला दोन हंगाम झाले. पाटात आता बेडूक दिसतात. पण विहीर अजून खारीच आहे. देस्पिना म्हणते, वर्षं लागतील. ब्लागोयाची विहीर पाटाच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्याची. रोज सकाळी तो ट्रॅक्टरवर कॅन घालून बहिणीला पाणी आणतो. ती म्हणते, "ठेव तिथं." यापलीकडे बोलत नाही.

गेल्या आठवड्यात माझी पिंपं यंत्राला लावायची पाळी होती, म्हणून मी तिथं होतो. कॅन उतरवून ब्लागोया घुटमळला. मग एकदम म्हणाला, "स्तोयना, बाप काय म्हणाला सांगू?"

ती पिंप घासत होती. थांबली नाही.

"कच्चं अंडं तरंगेल इतकं मीठ घाल, म्हणाला. बस. एवढंच."

अंडं तरंगेल इतकं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या बापानंही मला दार लावून, कानात, हेच सांगितलं होतं. मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

स्तोयनाचा हात आता दुप्पट वेगानं चालत होता.

"अंडी मीच आणून द्यायचे त्याला," ती म्हणाली. "खुराड्यातनं. बारा वर्षांची होते तेव्हापासून."

तिनं वर न बघता कॅनकडं बोट केलं.

"हे दोनच आहेत. उद्या तीन आण."