फिका गुलाबी रंग

थोरलीला नुसती सर्दी झाली तरी मला बरं वाटायचं. ती माझी चुलत बहीण, थोरल्या चुलत्यांची मुलगी. माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी, पण घरात ती थोरली आणि मी धाकटी. तिची वेणी माझ्यापेक्षा जाड, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. आम्ही दोघी बारावी पास झालो तेव्हा पळसदेवात पेढे वाटताना तात्या, म्हणजे तिचे वडील, प्रत्येकाला सांगत होते, "थोरली हुशार हाय, धाकटी कष्टाळू हाय." कष्टाळू तर लोक बैलालाही म्हणतात. तो पेढा मला गोड लागला नाही.

दोघींनी बारामतीला बी.एस्सी.ला नाव घातलं आणि कन्हेरीला माझ्या मावशीकडं राहिलो. मावशी माझी सख्खी, पण दुधावरची साय थोरलीच्या वाटीत. निघताना तात्यांनी अट घातली होती, "जवर पास हुताय, तवर शिका. एकीबी नापास झाली की तिच्या आक्षता." घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्यामुळं इतर मुलं ज्याला नुसती परीक्षा म्हणत, ते आमच्यासाठी लग्न टाळणं होतं.

कॉलेज कसं होतं ते सांगते. पहिल्या वर्षी बसायला बाक मिळत नसे, दुसऱ्या वर्षी एका बाकावर पसरून बसता येई. निम्मी मुलं गळून गेलेली असत आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं. कुणी नापास झालं तर घरचे विचारत, "किती इषयात?" एकाच विषयात म्हटलं की पोरगं हुशार ठरायचं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मुलं ऊसतोडीच्या मागं नाहीतर ट्रॅक्टरवर. सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून मजकूर सांगत, आम्ही तो उतरवून घेत असू. प्रयोगशाळेला कुलूप. प्रयोगाच्या वह्या, ज्यांना आम्ही जर्नल म्हणायचो, त्या आदल्या वर्षीच्या मुलांकडून आणायच्या आणि आकड्यांसकट उतरवायच्या. सर स्वतःच सांगत, "आकडे जर्नलमधलेच टाका. उगाच शहाणपणा नको."

मला हे सगळं छान जमायचं. पाठ करणं आणि उतरवणं यात माझा हात कुणी धरला नसता. थोरलीला मात्र चैन पडेना. ती सरांच्या मागं लागायची, "सर, एकदा तरी खरं करून बघू द्या की." सर हसून म्हणायचे, "परीक्षेला बघ." तिचं ते विचारणंही मला खुपायचं. मला असं काही विचारावंसं वाटत नाही, हेच मला सहन व्हायचं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांना जेवू घालायची कॉलेजात रीतच होती. एखाद्या वर्षी गावठी कोंबडी, एखाद्या वर्षी मटण, जशी मुलं असतील तसं. पाहुणा तृप्त झाला की सगळ्यांना भरघोस मार्क, हे सगळ्यांना ठाऊक. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. "पळसदेवच्या ना तुम्ही? मग यंदा उजनीचे मासे."

तात्या माळकरी होते, थोरलीच्याही गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. आमच्या घरात मासे शिजायचे ते माझ्या आईच्या वेगळ्या चुलीवर. म्हणजे मासे माझ्याच वाट्याला येणार, हे सरांनी विचारायच्या आधीच ठरलेलं होतं. "तू कालवणाचं बघ," सर मला म्हणाले, "तुझ्या परीक्षेचं मी बघतो." मी मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट अशी निघाली की जी थोरलीला येत नाही.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवून मी मरळीचे तुकडे तळत बसले. मधलं दार उघडं होतं. आत सगळी मुलं ब्युरेटच्या काचनळीचा कॉक उगाच फिरवत होती, आम्ल आणि अल्कली सिंकमध्ये सोडून देत होती आणि जर्नलमधला पाठ केलेला आकडा लिहीत होती. आम्लाला अल्कली नेमकं पुरं पडलं की फ्लास्कातल्या पाण्याला रंग चढतो, असं जर्नलमध्ये होतं; तो बघायला थोरली एकटी खरोखर थेंब थेंब सोडत होती. एका हातानं कॉक, दुसऱ्या हातानं खालचा फ्लास्क हलवत, श्वास धरून. मग ती एकदम थांबली. तिनं फ्लास्क उचलून खिडकीकडं धरला. मला इतक्या लांबून त्यात पाणीच दिसलं. पण तिचं तोंड दिसलं. तसं तोंड मी कधीच कुणाचं पाहिलं नव्हतं, देवाच्या दारातही नाही. माझे हात तिखटमिठानं माखलेले होते आणि एक तुकडा करपला, तरी मी तिच्याकडंच बघत राहिले. त्या क्षणी मला ती मेलेली चालली असती.

मग परीक्षक आकडे तपासत फिरले. सगळ्यांचा आकडा एक आणि थोरलीचा वेगळा, बराच कमी.

"सगळ्या वर्गाचं एक आणि तुझंच कसं वेगळं?"

"सर, माझं बरोबर हाय. यंदा द्रावणात पाणी जास्त झालंय. बाटली पुरंना म्हणून शिपाईमामांनी सकाळी वाढवलं, मी बघितलं."

सरांचा चेहरा पडला. परीक्षकांनी सरांकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जेवायला वाढा." परीक्षक बोटं चाटत जेवले. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं आणि माझं नाव लिहून घेतलं.

निकालात प्रात्यक्षिकाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला होते. मी ब्युरेटला बोट लावलं नव्हतं. थोरली एकाच विषयात गेली, त्याच प्रात्यक्षिकात.

ती तात्यांपुढं उभी राहून म्हणाली, "तात्या, मी बरोबर केलं व्हतं."

"मग बाकीच्या समद्यांचं चुकलं व्हय?"

"व्हय."

तात्या हसले. त्यांना ती उद्धट वाटली. त्याच उन्हाळ्यात, उजनी धरणाचं पाणी उतरून बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं तेव्हा, तिचं निरवांगीला लग्न झालं. नवऱ्याकडच्यांना सांगताना तात्यांनी "बी.एस्सी. चालू हाय" असं सांगितलं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या. मीही रडले, पण आता मावशीच्या घरची साय मलाच मिळणार, हेही तेव्हा मनात येऊन गेलं.

तिसऱ्या वर्षी मी पदवी घेतली. आमच्याबरोबर नाव घातलेल्यांपैकी तिथवर पोचलेले मोजकेच, म्हणून पुढच्या हिवाळ्यात पदवीचा कागद हाती आल्यावर गावानं सत्कार केला. हलगी, गुलाल, गळ्यात झेंडूचा जाड हार. थोरली कडेवर पोर घेऊन निरवांगीहून आली होती. मी पाणी प्यायला आत गेले तर ती चुलीपाशी पोराला भरवत बसलेली. वेणी अजून जाडच.

तिनं मान वर न करता विचारलं, "तिसऱ्या वर्षी तरी बघितलास का गं त्यो रंग?"

"न्हाय," मी म्हटलं. "परीक्षक दुसरा व्हता, पण मासं तळायला मीच."

तिनं पोराला एक घास भरवला. मग म्हणाली, "लई फिका असतो. गुलाबी हाय का न्हाय असं वाटावं इतका. एक थेंब जास्त पडला की गेला." पोराचं तोंड पदरानं पुसून तिनं माझ्याकडं पाहिलं. "राग नको मानू, पण तुला दिसला न्हाय, बरं झालं. डिग्री तुला मिळाली, नोकरीबी मिळंल. त्यो रंग माझ्या एकटीजवळ ऱ्हाऊ दे."

बाहेरून तात्यांनी हाक मारली, "धाकटे, फोटोला ये."

मी गेले आणि हार सावरून उभी राहिले. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात माझे डोळे भरून आलेले दिसतात. बघणारे म्हणतात, पदवीच्या आनंदाचं पाणी आहे. मी जळत होते.