चौतीस नंबरचा चिमटा

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांना तर नाहीच नाही. आज तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस. एक मात्र लक्षात ठेव. सांगता सांगता मी मध्येच नियम समजावायला लागलो, तर समज की गडी टाळतोय.

तर, नियम.

बघ, सुरुवातच त्याने झाली. पण ते सांगितल्याशिवाय तुला पुढचं कळणार नाही.

मी तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला होतो. पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आलेला. ते दोन टॉवर पडल्यानंतरची वर्षं ती. आमच्या रंगाच्या माणसाने रिमोटवर उडणारं विमान काखोटीला मारून माळावर जायचं, म्हणजे शेजारचे पडदा सरकवून बघायचे. मला हा नाद लावला सबनीसकाकांनी. माझ्या ऑफिसातल्या मंदारचे वडील, नागपूरचे, काकू गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. ‘‘आपण इथे नियम दोनदा पाळायचे बाबू,’’ ते म्हणायचे. ‘‘एकदा त्यांच्यासाठी, एकदा आपल्यासाठी.’’ अशी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात मला त्यांनीच नेलं. तिथे सेफ्टी बघणारा वॉल्टर म्हणून एक म्हातारा होता. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला सांगितलं, हा माझा माणूस, याची जबाबदारी माझी.

चारशे फुटांच्या वर न्यायचं नाही. एअरपोर्टच्या बाजूला न्यायचं नाही. माणसांच्या डोक्यावरून तर अजिबात नाही. आणि या सगळ्यांच्या वरचा नियम चिमट्याचा. मैदानाच्या तोंडाशी एक लाकडी फळा होता, त्यावर कपडे वाळत घालायचे साधे चिमटे, प्रत्येकावर एक नंबर. तुझा रिमोट ज्या चॅनलचा, त्या नंबरचा चिमटा काढून कॉलरला लावायचा, मगच रिमोट चालू करायचा. चिमटा फळ्यावर नसेल तर त्या चॅनलवर कुणाचं तरी विमान हवेत आहे. तेव्हा तू बटणाला हात लावलास, तर ते विमान आपल्या मालकाचं ऐकेनासं होतं. म्हणून आल्या आल्या रिमोट फळ्याजवळच्या टेबलावर ठेवायचे आणि चिमटा मिळाला की उचलायचे.

काकांचा चॅनल चौतीस. मी सेकंडहँड रिमोट घेतला, तोही नेमका चौतीसच निघाला. बदलून घेता आला असता, पण काका म्हणाले, राहू दे, दोघांत एक चिमटा, म्हणजे एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने निवांत बघायचं. माझ्यात कुठला आलाय निवांतपणा? मी जन्माचा घायकुता. मायक्रोवेव्ह वाजायच्या आत दार उघडणारा माणूस मी.

त्या हिवाळ्यात काकांनी बेसमेंटमध्ये बसून एक नवीन विमान बांधलं. हलक्या लाकडाचं, वर नारिंगी कापड, सुनेच्या इस्त्रीने ताणून बसवलेलं. ते पहिल्यांदा उडवायचं होतं जुलैतल्या एका रविवारी, आणि बघायला मंदार आणि त्याची पाच वर्षांची इरा आले होते. ते का आले होते, ते सांगायला हवं. मंदारला वडिलांच्या वयाची धास्ती बसली होती. काका रोज इराला गाडीत घालून शाळेतून आणायचे, तळ्यावर न्यायचे, आणि मंदारला वाटत होतं की आता हे थांबवावं. घरात त्यावरून कुरबुर चालू होती. काका मला म्हणाले, ‘‘आज येऊन बघू दे त्याला, म्हाताऱ्याचा हात कसा आहे तो.’’ हसत म्हणाले. पण शर्ट इस्त्रीचा घालून आले होते.

कळतंय ना, त्या विमानावर काय काय लादलेलं होतं ते? मला कळत होतं. हे मुद्दाम सांगतोय.

विमान सुंदर उठलं. काकांनी दोन फेऱ्या मारल्या, अगदी दोरीत बांधल्यासारख्या. इरा चटईवर बसून चिवडा खात होती, मंदारसुद्धा हसत होता. आणि मी? माझ्या विमानाचं शेपूट आदल्या आठवड्यात अडकत होतं, ते मी घरी दुरुस्त केलं होतं. आता काकांनंतर माझा नंबर. तेव्हाही ते अडकलं तर चारचौघांत शोभा होणार. म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीपाशी गेलो. रिमोट मी टेबलावर ठेवलाच नव्हता, विमानाबरोबर डिकीतच होता. चिमटा काकांच्या कॉलरला आहे, हे मला माहीत होतं. विसरलो नव्हतो. मनात म्हटलं — दोन सेकंद, यार. दोन सेकंदांत काय होतंय.

चालू केला. शेपूट हललं. बरं वाटलं. म्हणून — हेच तर सांगवत नाही — म्हणून अजून एकदा हलवलं.

‘‘आय डोन्ट हॅव इट!’’

कंट्रोल गेला की सगळ्यांना सावध करायला असं ओरडायचं, हाही नियमच. काकांचा आवाज मी ओळखला. वर बघितलं, तर नारिंगी विमान आडवं होऊन खाली येत होतं, चटईच्या दिशेने. मी रिमोट बंद केला, आणि बंद करताच त्या विमानाने नाक वर उचललं. क्षणभरच. म्हणजे ते पुन्हा काकांचं ऐकायला लागलं होतं. पण तोवर जमीन आली होती.

इराला लागलं नाही. पंख तिच्यापासून चार पावलांवर पडला. मंदारने तिला उचललं आणि वडिलांकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. वॉल्टरने सगळ्यांना विचारलं, चौतीसवर आणखी कोणी होतं का? मी डिकी लावून आलो होतो. नाही म्हणून मान हलवली. मग काका माझ्याजवळ आले. ‘‘तुझा बंद होता ना रे?’’

‘‘हो काका.’’

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. पुन्हा विचारलंसुद्धा नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘मग हाच.’’

कॉलरचा चिमटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि फळ्यावर लावून ये म्हणाले. मी लावून आलो.

त्यानंतर काकांनी गाडीची किल्ली आपणहून मंदारला दिली. भांडण नाही, काही नाही. मंदारने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, हाताला काही झालेलं नाही. काका मला म्हणाले, ‘‘त्याने विमान कुठे पाहिलं होतं?’’ चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. इराला रस्ता ओलांडताना हात देईनात. ती म्हणायची, ‘‘आजोबा, होल्ड माय हँड,’’ आणि ते तिच्या आईला हाक मारायचे. हे मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच सोफ्यावर पोहे खात बघितलंय. मूग गिळून बसणं म्हणतात ना, तसं. घास मात्र नीट उतरत होता.

व्हिसाची भीती होती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. साफ खोटं. क्लबात आधी दोघातिघांच्या हातून असं झालं होतं. त्यांनी कबूल केलं, नवीन विमान आणून दिलं, मिटलं. मला कोणी देशाबाहेर काढणार नव्हतं. मला फक्त मूर्ख दिसायचं नव्हतं. आणि आणखी एक — पुढच्या रविवारी चौतीसचा चिमटा फळ्यावर मोकळा होता. कुणासाठी थांबायचं नव्हतं. मी तो लावला, मनसोक्त उडवलं, आणि मला मजा आली. होय, मजा आली.

काका पुढच्या वर्षी नागपूरला परत गेले. जाताना त्यांनी उरलेलं लाकूड आणि गोंद मला दिला. यंदा ते गेल्याचा मंदारचा फोन आला. म्हणाला, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्या दिवशी माझ्या हातून पोरीला काही झालं असतं तर. मी म्हटलं, ‘‘वय झालं होतं रे.’’

काय बोललो बघ. ते गेल्यावरसुद्धा.

आता नवे रिमोट आलेत, त्यांना चिमटा लागत नाही. फळा अजून आहे, चौतीस नंबर तिथेच लटकतोय.

काकांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. रिमोट मी चालू केला होता.