नसलेल्या डिरेक्टरीतला हूटर

भूतबीत, अंगात येणं वगैरे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आजही फिरतं. त्यामुळे "ताई, मस्त भयकथा" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी इथूनच कटायचं. मी घाबरून लिहीत नाहीये... संतापून लिहितेय.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला आमची केमिकलची फॅक्टरी. मी कॉम्प्युटर रूममध्ये, माझा धाकटा भाऊ नितीन आत प्लांटमध्ये रिअ‍ॅक्टरवर. सर्व्हर म्हणजे उल्हासनगरहून असेंबल करून आणलेला डबा, त्यावर लिनक्स. तो बसवला माझे सीनियर, कांबळे सरांनी. 'तपास' नावाची एक कमांडही त्यांनीच लिहिली होती. दुपारी शिफ्ट बदलायच्या आधी मी ती चालवायची. रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर लिमिटच्या वर असलं, की ती कमांड स्वतःच प्लांटचा हूटर वाजवायची. हूटर वाजला की सगळे बाहेर, प्रॉडक्शन बंद. म्हणूनच प्लांट मॅनेजरच्या डोळ्यांत ती खुपायची.

कांबळे सर हार्ट अटॅकने गेले. आम्ही दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, बदलापूर गावात त्यांच्या घरी बसलो होतो, आणि इकडे या मॅनेजरने त्यांची अख्खी डिरेक्टरी, म्हणजे 'तपास' ठेवलेला फोल्डरच, उडवली! लाज नाही वाटली? वर त्याच नावाची दुसरी कमांड दुसऱ्या डिरेक्टरीत बसवून घेतली. तिचं लिमिट वाढवलेलं आणि हूटर नाहीच.

आता नीट ऐका. आपण कमांड टाइप केली की ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, ती ठरलेल्या डिरेक्टऱ्यांमध्ये ओळीने शोधतो. त्या ओळीला पाथ म्हणतात. त्यात पहिलं नाव सरांच्या डिरेक्टरीचं होतं, ते काढायचं राहूनच गेलं. पण डिरेक्टरीच नसली तर शेल बोंब मारतो का? छे! चकार शब्द न काढता पुढच्या नावाकडे जातो. काही टूल्स निदान वॉर्निंग तरी देतात, हा मख्ख! त्यामुळे मी 'तपास' टाइप करायचे आणि मॅनेजरवाली कमांड 'ओके' म्हणायची. रोज. मी भांडले, तर म्हणतो, "मॅडम, आप सिर्फ बटन दबाइए." अस्सा संताप आला ना...

त्या दिवशी सकाळी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, मशीन नव्याने चालू केलं. दुपारी नेहमीसारखं 'तपास' टाइप केलं. 'ओके' आलंच नाही. सरांच्या कमांडचा जुना मेसेज आला — "सगळ्यांना आधी बाहेर काढा." आणि हूटर ठणाणा वाजायला लागला.

मी प्लांटला फोन लावून किंचाळले, "नित्या, बाहेर पळ! विचारत बसू नको!" सगळी शिफ्ट गेटवर पोचली आणि आत रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं. माझ्या टेबलावर खिडकीच्या काचा. माणूस मात्र एकही गेला नाही.

मॅनेजर धावत आला. कोणाला लागलं का, हे नाही विचारलं त्याने. "हूटर किसने बजाया? किसकी परमिशन से?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यासमोरच मशीनला विचारलं, 'तपास' कुठून चालते? उत्तर — सरांच्या डिरेक्टरीतून. मग ती डिरेक्टरी उघडायला गेले. उत्तर — अशी डिरेक्टरीच नाही.

"ये कैसे हुआ?"

"डिलीट तुम्ही केलीत ना? मग तुम्हीच सांगा!"

एक्स्पर्ट लोकांनो, शेलने जुना पत्ता लक्षात ठेवला असेल, असलं ज्ञान पाजळू नका. मशीन सकाळीच रीस्टार्ट झालं होतं. आणि पत्ता आठवून करणार काय, तिथे फाइलच नव्हती! बॅकअपही नव्हता, सगळं उलथंपालथं करून शोधलं.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर नितीनने विचारलं, "ताई, सर होते का गं?"

"जेव गुपचूप," मी खेकसले, आणि आत जाऊन रडले.

मॅनेजरने पाथमधून सरांचं नाव काढायला सांगितलं. "एरर देत नाही ना? मग राहू दे," मी म्हटलं. नाही काढलं.

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. नवीन झाकण बसलं, पण वाढवलेलं लिमिट तेच राहिलं. 'तपास' पुन्हा 'ओके' म्हणायला लागली आणि नितीन पुन्हा त्याच रिअ‍ॅक्टरवर जायला लागला. मी मात्र 'ओके'वर कधीच विश्वास ठेवला नाही... त्याची शिफ्ट सुटेपर्यंत हूटरकडे कान लावून बसायचे.